टाळ्या सगळ्यांच्या आधी

तीर्थरूप ताईस, साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझी कंबर कशी आहे? भावोजींनी साखर खरंच सोडली, की नुसतं जाहीर केलं?

आमचं उन्हाळी शिबिर काल संपलं. मुलांना नेतृत्व आणि संवाद शिकवायचं काम मी घेतलंय हे ऐकून तू हसली होतीस. (न्हाव्याला ‘पुरे’ म्हणता न येणारा माणूस काय डोंबल शिकवणार, असं तुझं म्हणणं.) सुरुवातीलाच मी गटनेता निवडायला सांगितला, तर ती मिसरूड फुटलेली दांडगी पोरं एकमेकांमागे लपली आणि त्या दिवशी न आलेल्या मुलाला एकमताने निवडून मोकळी झाली. तुझ्या भाचीची मात्र कमाल. तुझी भावजय गेल्यापासून आमचं दोघांचं घर ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवले’ एवढ्यावरच चाललंय. शिबिरात तीच पोर बुजऱ्या मुलांना बोलतं करत होती, भांडणं मिटवत होती. मी खुर्च्या मांडायच्या निमित्ताने मागे उभा राहून तिचा आवाज ऐकायचो.

शेवटचा सराव असा, की आपली मागणी समोरच्याच्या डोळ्यांत बघून, न कचरता मांडायची. मध्ये कुणी बोलायचं नाही आणि संपलं की टाळ्या (नियम माझाच). कुणी मोबाइल मागितला, कुणी कुत्रा. तुझी भाची नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाबा, मला पुढच्या वर्षी आत्याकडे राहून शिकायचंय. आपल्या घरात मला रडतासुद्धा येत नाही. आईचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता.” आवाज स्वच्छ, मान ताठ, कुठे अडखळणं नाही. आणि ताई, मी सवयीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या! ती वळून जागेवर जाऊन बसली.

फार वाईट वाटलं गं. घरी आल्यावर बोलायचं म्हणून तिच्यासमोर बसलो, आणि पंखा किती आवाज करतो यावर बोलत राहिलो.

बाकी ठीक.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ती तुला फोन करील. हो म्हण. मी लिहिलंय हे सांगू नकोस.

ता. क. (दुसरा) तुझ्या मागच्या खोलीत आणखी एक गादी मावेल का? तिला सोडायला येईन म्हणतो, आणि थोडे दिवस राहीन. मलाही अजून रडता आलेलं नाही.