शून्यावरचा काटा

१५ फेब्रुवारी, रविवार

माझ्या काळ्या बुटांपैकी एक सापडत नाही. शेवटी तपकिरी जोड घालून चर्चला गेले, तोही निळ्या ड्रेसवर. ग्रॅनव्हिलला विचारलं तर म्हणे, "कुत्र्याने नेला असेल." आमचा कुत्रा जाऊन चार वर्षं झाली!

१७ फेब्रुवारी

बूट पलंगाखाली सापडला. टाचेला ग्रीस. या घरात ग्रीस कशाला लागत नाही? परवा पावाच्या डब्यालाही होतं.

८ मार्च, रविवार

इंजिन बाहेर आलं. समोरच्या घरातला बेसिल वेल्डर साखळी ओढत होता, ग्रॅनव्हिल दोन्ही हातांनी सावरत होता आणि मी उगाचच "हळू, हळू" म्हणत होते. शेवटी ते हवेत लोंबकळायला लागलं.

वीस वर्षं या गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसले. कारखान्यात अख्खा जन्म मोटारींच्या सीटा शिवल्या, हिच्याही सीटा मीच शिवल्या. पण सीटच्या पुढे काय आहे ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. आठ सिलिंडर. ग्रॅनव्हिलने कॅमशाफ्ट हातात दिला — काठीवर अंडी ओवावीत तसा. कुठली झडप कधी उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, सगळं त्या अंड्यांच्या आकारात. "गाडीचा स्वभाव यात असतो," तो म्हणाला. मी तो बाळासारखा दोन हातांवर धरून उभी राहिले. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू?

गाडी खरी कोब्रा नाही, त्या जुन्या रेसच्या गाडीची नक्कल आहे. फायबरचं अंग, इथेच पोर्ट एलिझाबेथमध्ये बनलेलं. पण रस्त्यावर माणसं मान वळवतात ती नकलेकडे बघूनच.

आता नवं इंजिन करायचं. ऑक्टोबरात आमच्या गाड्यांच्या क्लबची मोठी फेरी आहे, व्हॅन स्टाडेन्सचा घाट उतरून समुद्रापर्यंत. तोवर तयार हवं. रिटायर झाल्यापासून ग्रॅनव्हिल विझल्यासारखा झालाय. चार वाजले की गाडी आत लावतो, मित्रांकडे जात नाही, पेपर घडीसकट पडून राहतो. या इंजिनाने तरी माणूस पेटायला हवा. माझी सगळी आशा त्यावर आहे.

२२ मार्च, रविवार

फानी डी बीअर आला होता, क्लबचा जुना मेंबर. त्याच्या गाडीत मागच्या वर्षी नवं राक्षसी इंजिन बसलंय. म्हणाला, "चल मर्ल, तुला दाखवतो. नवऱ्याला तू पटव."

किनाऱ्याच्या रस्त्यावर त्याने पाय दाबला. मी लिहिणार काय? पाठ सीटला चिकटली, डोळ्यांतून पाणी, वारा तोंडात. समुद्र एका बाजूला नुसता पट्टा झाला. ती सीटही माझ्याच हातची, आणि मनात काय आलं तर शिवण धरेल ना! देवाच्या घरात जशी मी लहान होते तशी तिथे लहान झाले. उतरले तेव्हा मी हसत होते.

ग्रॅनव्हिलला हे हवं. तो असा शेवटचा कधी उजळला होता, आठवत नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

लोणच्यातली मासळी, गोड पाव. जेवण झाल्यावर टेबल पुसलं आणि कॅमच्या जाहिराती पसरल्या. तो म्हणाला, "तूच वाच. तुझ्या आवाजात बरं वाटतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे आत्ता सुचतंय! हल्ली बघतोही कसा — समोर बसून मान जरा वळवून, कडेने. लग्नाआधी माझ्या गल्लीत उभा राहून बघायचा तसा. मी म्हटलं, "म्हातारपणी चाळे." तो हसला.

मी वाचत गेले. पहिला कॅम सौम्य, मग मधला, मग चढता, शेवटचा तर शर्यतीचा. फानीवाला चढता आहे. मी तो दोनदा वाचला, जरा आवाज चढवून.

"सौम्य," ग्रॅनव्हिल म्हणाला.

"सगळ्यात पहिला?"

"पहिलाच. खालच्या रेसला ताकद देतो. सिग्नलला उभी राहिली की थरथरणार नाही, बंद पडणार नाही."

सिग्नलचं नाव काढलं की मला गप्प बसावं लागतं. एकदाच, एकदाच मी ती गाडी चालवली. पाठीमागे उशी घेऊन, तरी पाय धड पोचत नव्हता. क्लच असा कडक की जणू दगडच दाबतेय. चर्चजवळच्या चढावरच्या सिग्नलला तीनदा बंद पडली. अख्खी मंडळी पायऱ्यांवर उभी राहून बघत होती, पाद्रीबाबासुद्धा. चौथ्या वेळी मी उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

१९ एप्रिल, रविवार

अंगणात निखारे, मांस, आणि भांडण. फानी म्हणतो मोठा कार्ब्युरेटर घे. ग्रॅनव्हिल म्हणतो लहान. "मोठा पूर्ण पळवताना कामाचा. गावात नुसतं पेट्रोल ओकतो." फानी म्हणतो क्लच कडक हवा. हा म्हणतो तेलाच्या दाबावर चालणारा हलका. मोठा रेडिएटर, दोन पंखे, का? तर गर्दीत तापू नये. सिलिंडरांवरची हेडं मात्र ॲल्युमिनिअमची घेतोय. मला वाटलं, चला, एक तरी मर्दानी गोष्ट. तर ती कशासाठी? "पुढचं वजन कमी होतं. स्टिअरिंग हलकं लागतं."

फानी चिमटा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. "भावा, हिच्यातून भाजी आणायला जाणार आहेस का?"

"भाजीही आणीन."

"कोब्राला घंटा लाव मग. सायकलची."

मी हसले. बेसिल हसला नाही. तो निखारे हलवत बसला होता, खाली मान घालून.

झोपायला गेले तेव्हाही राग होता. ज्या माणसाने गाडी आणली त्या दिवशी हिच्यात मला पळवून नेल्यासारखं नेलं होतं, तो आता पंखे मोजतोय. घाबरला आहे म्हणावं तर कशाला घाबरला?

११ मे

बोलले. "लोक आपल्याला काय म्हणतील ते जाऊ दे. तुझं मन मेलंय का?"

त्याने चहाची किटली उचलली. मग म्हणाला, "मर्ल, जोर सगळ्यांनाच निवडता येतो. रोज वापरता येईल असा जोर निवडणं अवघड."

हे काय उत्तर झालं? चहा ओतताना बशीत सांडला त्याने. तेवढंही लक्ष नाही.

२० जून

जूनचा हिवाळा, थंडी. वारा पत्रे उचकटतोय. ग्रॅनव्हिल सुटे भाग बोटांनी तपासतो, नखाने. डोळे मिटून! पिस्टनची कडा, बेअरिंगची पाठ. एका भागावर नख थांबलं. "इथे ओरखडा आहे," म्हणाला. मला भिंग लावूनही दिसेना. बेसिलने दिव्याखाली धरला — होता! केसाएवढा. इंजिनच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत आयुष्य काढलं त्याने, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. राग आपोआप उतरला. निवड काहीही असो, हात देवाचे आहेत.

२५ जुलै

इंजिन आत बसलं. त्याआधी सौम्य कॅमला वंगणाचा काळा लेप लावताना मला बोलावलं. "तू लाव." एकेक अंडं बोटाने माखलं. केक सजवताना सुद्धा इतकी जपून कधी वागले नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

सावकाश लिहिते.

आज पहिल्यांदा सुरू करायचं होतं. कोणाला बोलावलं नाही. नवा कॅम बसवला की पहिली वीस मिनिटं रेस खाली येऊ द्यायची नाही, दोन हजारांच्या वरच ठेवायची, नाहीतर कॅम आतल्या आत झिजून जातो. मागच्या इंजिनाच्या वेळी सगळा क्लब अंगणात होता. "ग्रॅनव्हिल, जरा सोड, आवाज ऐकू दे!" त्या घोड्याच्या टापांसारख्या आवाजाचं या लोकांना वेड. याने सोडलं. महिन्याभरात कॅमचा भुगा. म्हणून या वेळी फक्त आम्ही दोघं आणि बेसिल.

"मर्ल, तू बस. रेस तू धर. मला इथे पुढे कान ठेवायचाय."

नाही म्हणायला वेळच दिला नाही. मी बसले. किल्ली फिरवली.

देवा! जमीन बोलली. आधी पायांत आलं, मग पोटात, मग दातांत. गॅरेजच्या फळीवरचे नटबोल्टचे डबे वाजायला लागले. आणि ते सगळं माझ्या उजव्या पायाच्या चवड्याखाली. जरा दाबलं की उसळतंय, जरा उचललं की निवतंय. एवढं मोठं जनावर आणि माझं ऐकतंय! फानीच्या गाडीत मी नुसती फेकली गेले होते. आज धरून होते.

ग्रॅनव्हिल झाकणावर तळवा ठेवून उभा होता. मग माझ्या बाजूला आला, वाकला, समोरच्या मोठ्या तबकडीत पाहिलं. "बावीसशे. छान. तिथेच ठेव."

मी तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. मेलेला. त्याची तार जोडायचीच राहिली होती.

त्याने बरोबर तिथेच पाहिलं होतं. आणि त्याला दिसलं नव्हतं.

पाय उचलता येत नव्हता. उचलला तर कॅम जाणार. ओरडून विचारता येत नव्हतं. मी पाय धरून बसले आणि सगळं एकेक करून समोर येत गेलं. चार वाजता आत लागणारी गाडी. न उघडलेला पेपर. "तूच वाच." बशीतला चहा. कडेने बघणं. मी त्याला चाळे म्हटलं होतं.

"जरा वर गेली," तो पुढून ओरडला. "शंभरभर खाली घे. हां, बस." सगळं कानाने. एकदाही चुकला नाही, हे मला आता कळतंय. मी रडत होते आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

बेसिलने हात केला, वेळ झाली. पाय सोडला. आणि तो राक्षस घरच्या मांजरासारखा गुरगुरत उभा राहिला. थरथर नाही, काही नाही.

मी म्हटलं, "काटा शून्यावर आहे, ग्रॅनव्हिल."

त्याने किल्ली काढली. बराच वेळ फडक्याने हात पुसले. "नजरेचा मधला भाग जातो म्हणे. कडा राहतात. तुझे कान दिसतात, केस दिसतात. चेहरा बघायचा तर बाजूला बघावं लागतं." मागच्या हिवाळ्यापासून. लायसन्स आता मिळणार नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"गाडी विकायला लावली असतीस."

लावली असती.

३० ऑगस्ट

चर्चला गेलो नाही. तो झोपलेला असताना त्याच्या समोर बसून चेहरा बघत राहिले. मला तरी पूर्ण दिसतो.

६ सप्टेंबर, रविवार

फेरीला गाडी बेसिलने चालवावी, असं मी म्हटलं. बेसिल म्हणाला, "आंटी मर्ल, मी नाही चालवणार." का म्हटलं तर खांदे उडवले. फानीला सांगू का, तर ग्रॅनव्हिल नको म्हणतो. विकणार नाही म्हणतो. स्वतः चालवू शकत नाही. मग एवढं सगळं कोणासाठी केलं, असं मी जरा जोरातच विचारलं. तो उठून बाहेर गेला.

१२ सप्टेंबर, शनिवार

ग्रॅनव्हिल शेजारी गेला होता. म्हटलं, नुसतं बसून बघू. घरभर माझी जुनी उशी शोधली आणि मग मधेच थांबले. त्या दिवशी वीस मिनिटं मी रेस धरली ती उशीशिवाय.

गॅरेजमध्ये जाऊन बसले. क्लच दाबला. तळापर्यंत गेला, पूर्ण पाय टेकून, गुडघा जरासा वाकलेला. सीट हललेली नाही, शिवण जागच्या जागी. वाकून पाहिलं तर तिन्ही पेडलं मागे, सीटकडे आलीत, वेल्डिंगवर रंग मारलेला.

बेसिलला दारातच गाठलं. त्याने डोळे चोरले नाहीत. "माप घ्यायला अंकल तुमचा बूट घेऊन आले होते, आंटी. काळा. फेब्रुवारीत."

फेब्रुवारीत तर जुनं इंजिनही बाहेर आलं नव्हतं.

उद्या गाडी बाहेर काढते. चर्चच्या सिग्नलवरून नेणार आहे.