पाइप वाजला, आई उठल्या

सुयोग,

तुझा फोन लागत नाहीये. आई घरात नाहीत. मी शोधायला चाललेय. तू घरीच थांब.

सोसायटीचा नवा पंप लागल्यापासून नळ बंद केला की भिंतीतला पाइप धाडधाड वाजतो, बाबा दार ठोकायचे तसा. पाण्याचा जोर जास्त आहे, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवू, म्हटलं होतं ना? "वाजू दे गं, शॉवर कसला झकास येतोय!" म्हणालास.

आज भांडी घासून नळ बंद केला, तशा आई उठल्या. "ह्ये इले गो!" बाबा गेलेत, हे विसरतातच रे त्या. हात पुसून येईपर्यंत दार सताड उघडं.

मेन कॉक बंद केलाय. आता दार वाजलं, तर पाइप समजून बसू नकोस. धावत जाऊन उघड.

प्रांजल