बरणी आणि पासवर्ड

सोम., ५ मे
कॉम्प्युटर पुन्हा अडून बसला. वायफाय जोडायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा म्हणे. अ‍ॅडमिन म्हणजे आमच्या सूनबाई, केतकी. ती अंधेरीला ऑफिसात. फोन केला. "आई, आल्यावर टाकते ना!" गेल्या वर्षी मी 'बक्षीस लागलं' वर टिचकी मारली आणि कॉम्प्युटर आजारी पडला. तेव्हापासून मी नुसती युजर. मुलुंडमधल्या माझ्याच घरात!

मंगळ., ६
जेवताना केतकीला लोणचं हवं झालं. वरच्या फळीवरची बरणी मीच काढली, मीच वाढलं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने ओला चमचा घातला, अख्ख्या बरणीला बुरशी. ते मी विसरत नाही. का विसरू?

बुध., ७
वेंगुर्ल्याहून आक्काचा फोन. मोतीबिंदूची पट्टी उद्या सुटणार. "पट्टी सुटली काय पयलां तुझां तोंड बघतलंय गो!" थोरली बहीण माझी, वर्षभर तिला सगळं धूसर. माझा मोबाइल बटणांचा, म्हणजे तोंड दाखवायचं तर कॉम्प्युटरवरूनच. केतकीने आल्या आल्या वायफाय जोडून दिलं. हिरवी साडी काढून ठेवलीय.

गुरु., ८
सकाळी वीज गेली, आली. आणि पुन्हा पासवर्ड! मी साडी नेसून तयार, तिकडे भाचीने आक्काला मोबाइलसमोर बसवलेलं. वाट लागली. केतकी फोन उचलेना. शेवटी उचलला, कुजबुजत. "आई, मीटिंगमध्ये आहे. रागावणार नाही ना? ओलाचमचा. इंग्रजीत, सगळं जोडून."
ओलाचमचा! बघा कार्टीला!
एकेक अक्षर शोधून दाबलं. लागलं! पडद्यावर भलीमोठी आक्का. डोळे मिचकावत बघत राहिली, मग म्हणाली, "म्हातारी झालंस गो!" दोघी हसलो, रडलो, परत हसलो. इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.
संध्याकाळी केतकी बिचकतच घरात शिरली. मला हसू आवरेना. तिने आपणहून वायफाय 'सगळ्या युजर्सना' खुलं केलं, मलाही अ‍ॅडमिन केलं. मग मी कशी मागे राहणार? बरणी खाली ओट्यावर आणली. "घे गं हवं तेव्हा. पण चमचा कोरडा."

शनि., १०
बरणीच्या फडक्याची गाठ आज वेगळीच. माझी नव्हे. चमचा कोरडा होता का... विचारलं नाही.
दुपारी कॉम्प्युटरवर कसलीशी चौकट आली, मी 'येस' दाबलं. केतकीला अजून सांगितलेलं नाही.