छडीचं बळ: अधिक की गुणिले?

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, त्यामुळे तूर्त चारच अंगांचा समजा, उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक आहे, फक्त तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही.

कारण तुम्हीच करून दिलेला तो जादूगारांचा खेळ. मुलगी लांब नोकरीला गेल्यापासून रविवारी आम्ही दोघं आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई फासे घेऊन बसतो. तुमच्या बहिणीची चेटकीण, माझा मांत्रिक, आणि अजगर बाई चालवतात (रोज दात उपटून त्यांना कुणाची दयामाया उरलेली नाही). आता तुम्ही छडीच्या पत्त्यावर नुसतं 'बळ ३' लिहून मोकळे झालात. म्हणजे फाशावर पडलेल्या मंत्राच्या ताकदीत तीन मिळवायचे, की तिला तीनाने गुणायचं? माझा जन्म गेला लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात. अॅम्प्लिफायर स्वतः गात नाही हो, आत कुजबुज घातली तर कुजबुजच मोठी होऊन बाहेर येते. तेव्हा गुणिलेच! तुमची बहीण पडली शिवणकाम करणारी. तिचं म्हणणं, छडी म्हणजे अस्तर. कापड तलम असो की जाड, अस्तराने जाडी तेवढीच वाढते. म्हणून अधिक. बाई म्हणाल्या, आपसात ठरवा. मी (आवाज जरा चढला असेल) गुणिले ठरवून घेतलं आणि लगेच पाच टाकून पंधराचा जाळ काढला. काय छाती फुगली म्हणून सांगू!

पुढची खेळी तिची. अजगराचे चारच प्राण उरलेले. तिला पडला एक. अधिक धरलं असतं तर चार, अजगर गार. गुणिले, म्हणून तीन. ती माझ्याकडे आशेने बघत होती हो, आणि मी शहाणा बोट वर करून म्हणालो, "नियम म्हणजे नियम." अजगराने तिला बुटांसकट गिळलं. तेव्हापासून घरात शिलाई मशीन तेवढं बोलतं. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

आपला गुणी (आता नको तितका) मेहुणा

ता. क. : खरं काम हे, की 'छडीचं बळ अधिकच धरावं' अशी तुमच्या हातची चिठ्ठी पाठवा. चेटकीण पोटातून बाहेर येईल.

ता. क. २ : पण मला एकट्याला फोनवर खरं सांगा, छडीचा पत्ता लिहिताना तुमच्या मनात काय होतं?

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला तुमच्या बहिणीकडे दिलं, तर बाईसाहेबांनी सगळं वाचलं. म्हणाल्या, "दादाला हेही विचारा, दोन हातांत दोन छड्या धरल्या तर?" अहो, बोलली! मी म्हटलं तीन त्रिक नऊ, ती म्हणते सहा. भांडण मस्त जुंपलंय. उत्तराची मुळीच घाई करू नका.