‘नको’चं भाषांतर

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या संपावर आहेत, तेव्हा सहाच पोचली असं समजावं.) इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधू नेहमीसारखे सकाळी पेपर वाचून जगाला नावं ठेवतात आणि तेवढ्यात चहा गार झाला म्हणून मला. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून फार बरं वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुम्हाला दिवस खायला उठतो, शेजारच्या मुलांना बोलावून तुम्ही पाढे म्हणायला लावता आणि ती मुलं आता तुमच्या दारावरून जायचं टाळतात, असंही कानावर आलं. असो. पत्राला कारण काही नाही, सहज आठवण आली.

आमच्या शाळेची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच, पण ती तुमच्या बंधूंकडून, म्हणजे निम्मी उलटी. म्हणून पहिल्यापासून सांगते. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा हमरस्त्यापलीकडे, ट्रकच्या गर्दीतून सायकलनं तासभर. मुलगे जातात. मुलींना घरचे पाठवत नाहीत. सातवी पास झाली की कुणी कारखान्यात शर्टांना बटणं लावते, कुणी मावशीची पोरं सांभाळते. मुख्याध्यापिका झाल्यापासून मी आठवीचा वर्ग मागते आहे आणि वरचे साहेब दर वर्षी ‘विचार चालू आहे’ म्हणतात. (एवढा विचार करणाऱ्या माणसाच्या हातून एव्हाना एखादा ग्रंथ व्हायला हवा होता.) तर यंदा परदेशातल्या एका सधन शाळेचं विचारणं आलं, की जिथल्या मुलांचं शिक्षण अडतंय अशी एक जोडशाळा आम्हाला हवी आहे. आठवीची खोली, प्रयोगशाळा, एका शिक्षकाचा पगार, सगळ्याला हातभार लावू, दोन्हीकडची मुलं पडद्यावरून एकत्र धडे करतील. फक्त एकदा येऊन तुमची गरज बघून जातो.

इथेच माझं डोकं फिरलं. वन्सं, कुणी बघायला येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो की विस्कटतो? मी आवरलं. नुसतं आवरलं नाही, नटवलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून कुंड्या आणल्या. शिंप्याकडून गादीच्या खुर्च्या आणल्या. वायरमननं गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला पंखा दुपारपर्यंतच्या बोलीवर कार्यालयात टांगला. तिथल्याच भिंतीला उभी भेग गेली आहे, तिच्यापुढे कपाट सरकवलं. वाचनालय म्हणून तुमच्या बंधूंच्या रहस्यकथा तपकिरी कव्हरं घालून मांडल्या. (त्यातली एक तिसरीतल्या मुलीनं वाचायला घेतली आणि अजून परत केलेली नाही. खुनी कोण हे कळल्याशिवाय देणार नाही म्हणते.) आणि मुलांना बजावून ठेवलं, पाहुणे काहीही देऊ करोत, आधी ‘नको’ म्हणायचं. हावरटपणा दिसता कामा नये.

आता आपल्या ‘नको’चा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं संकोचाचं आणि तिसऱ्या वेळी माणूस ताट पुढे करतो. पण दुभाषी म्हणून बसले होते आमचे भाषेचे सर. हे गृहस्थ इतके काटेकोर, की शिंक आली तरी आधी तिचं भाषांतर करतील आणि मग रुमाल काढतील. पाहुण्यांच्या मुख्याध्यापिका, एक उंच बाई, वर्गात आल्या. पुस्तकं हवीत का? नको. संगणक? नको. नवीन बाक? नको, नको. सगळा वर्ग एका सुरात, आणि सर प्रत्येक नको इमानेइतबारे पलीकडे पोचवताहेत. मी दारात उभी राहून अभिमानानं फुगत होते. काय वळण लावलंय पोरांना, म्हणून!

मग कार्यालयात चहा झाला. बाईंनी गार वारा देणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, की तुम्हाला खरोखर काही अडचण आहे का. आणि वन्सं, जन्मभराची सवय जिभेवर अशी बसलेली, की तोंडातून निघून गेलं, छे छे, कशाला! बाईंचे डोळे पाणावले. त्या म्हणाल्या, इतकी समाधानी शाळा मी पाहिली नाही, तुमचं मनापासून अभिनंदन, आता आमची मदत दुसऱ्या एखाद्या जास्त गरजू शाळेला देणं हेच न्यायाचं होईल. सरांनी याचंही तंतोतंत भाषांतर केलं. हाती आलेली आठवी मी माझ्याच तोंडानं घालवली होती.

निरोपाला मुलं व्हरांड्यात उभी होती. त्यांत पंक्चरवाल्याची थोरली होती. तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणतात, कारण तिच्या तोंडून प्रश्नाशिवाय काही निघत नाही. जाता जाता बाईंनी आपलं कौतुकानं तिला विचारलं, पुढच्या वर्षी कितवीत जाणार? यावर काय बोलायचं ते मी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, “सातवीतच. गेल्या वर्षी पण सातवीत होते.” नापास झालीस का, असं बाईंनी विचारलं तर म्हणाली, “झाले नाही, केलं मी स्वतःला. पास झालं की घरी बसवतात. आम्ही पाच जणी आहोत अशा.”

सर भाषांतर करायचं विसरले. बाईंनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. या पाच जणींना मी वर्षभर बोल लावले होते, गणितात ढ म्हणून! मागाहून त्यांच्या वह्या पाहिल्या. गणित सोडवायचं, बरोबर उत्तर काढायचं, मग खोडून त्याच्या शेजारचं चुकीचं लिहायचं. पेपरात पास व्हायला हवेत त्याहून जरासेच कमी गुण पडतील असा हिशेब ठेवायचा, म्हणजे घरी मारही बसत नाही आणि शाळाही सुटत नाही. वन्सं, नापास व्हायलासुद्धा इतकं पक्कं गणित लागतं हे मला तुमच्याही वर्गात कुणी शिकवलं नसतं. मला रडू आलं आणि खरं सांगते, छाती अभिमानानं भरूनही आली. अशा मुली माझ्या शाळेत आहेत!

तिकडे बाई राहिलेली पर्स घ्यायला कार्यालयात परतल्या, एवढ्यात बोलीची वेळ संपली. वायरमन शिडी घेऊन आला आणि कुणाकडे न बघता पंखा उतरवू लागला, कारण गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलं होतं. शिडीला जागा हवी म्हणून त्यानं कपाट ढकललं आणि भिंतीची भेग दर्शन द्यायला पुढे झाली. शिंप्याच्या माणसांनी खुर्च्या उचलल्या. एकीवर बाईंची पर्स होती, ती त्यांनी आदरानं बाईंच्या हातात दिली. दवाखान्याची नर्स कुंड्या न्यायला आली ती आणखी वेगळीच. पाच मिनिटांत शाळा होती तशी झाली. बाई आधी बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना टेकायला जागा शोधावी लागली आणि जागा उरली नव्हती. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, अडचण आहे का? या वेळी मी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. स्पष्ट म्हटलं, आहे. आठवी हवी. सगळं हवं.

ते मिळालं. जोडशाळेचा करार झाला, वरच्या साहेबांचा विचारही एका दिवसात पूर्ण झाला. (परदेशी शिक्का पाहिला की साहेबांची बुद्धी धावते.) खोली उभी आहे, भेग बुजली आहे, प्रयोगशाळेच्या पेट्या आल्या आहेत. पडद्यावरच्या पहिल्या धड्यात प्रश्नपत्रिकेनं तिकडच्या मुलांना असं एक गणित घातलं, की त्यांना ते सोडवायला आठवडा मागून घ्यावा लागला. तिकडून एक मुलगा आता रोज तिला गणिताच्या शंका पाठवतो. मदत नक्की कोण कुणाला करतंय, असं त्या उंच बाईच हसून म्हणाल्या. मी शाळेच्या फाटकातून शिरते तेव्हा अलीकडे माझी मान जरा जास्तच ताठ असते, असं तुमचे बंधू म्हणतात. मी म्हणते, असू दे. कमावलेला ताठा आहे.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीची काळजी घ्यावी.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. करारात एक बारीकशी अट आहे, ती वर लिहायची राहिली. पगार ते देणार, पण आठवीला गणित आणि विज्ञान शिकवणारं माणूस आम्ही आणायचं. उंच बाईंनी विचारलं, कुणी आहे का? मी म्हटलं, आहेत, माझ्या नणंदबाई. माझ्या लग्नातला तुमचा फोटोही दाखवला, तो माझ्याकडे रागानं बघतानाचा. बाई म्हणाल्या, यांच्या वर्गात शिस्त राहील.

ता. क. दोन. मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली आहे. तुमच्या बंधूंना वाटतं, ती त्यांच्या पुस्तकांसाठी आहे. आठवीचा वर्ग तळमजल्यावरच आहे. तुमचं माझं कधी फारसं जमलं नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमच्याइतकं गणित शिकवणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही, आणि हे मी तीस वर्षांत तुम्हाला एकदाही सांगितलं नाही.

ता. क. तीन. आठवी होणार, गणिताच्या बाई येणार, आता सगळं नीट लिहा, असं मी त्या पाच जणींना परीक्षेआधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. काल निकाल लागला. पाचही जणी पास झाल्या.