किल्ल्याला सफेदी

मु. मुरुमजवळ, मार्गशीर्ष, सन १३५२ फसली

तीर्थस्वरूप अण्णाराव दाजींच्या सेवेसी,

शांतलिंगचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि आक्काची कंबर या थंडीत कशी आहे ते कळवावे. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम असून माझे तोंड तेवढे काळे झाले आहे.

आमच्या डोंगरावरचा पडका किल्ला तुम्हाला आठवत असेल (लग्नानंतर तुम्ही चढायला निघालात आणि अर्ध्यातून परतलात, तोच). त्याच्या दरवाजावर फारसी शिलालेख आहे, तो कुणीतरी येऊन वाचावा, असे मी सरकारला सहा वर्षे लिहीत होतो. हेतू शुद्ध इतिहासप्रेमाचा (आणि शाळेतली माझी हंगामी मास्तरकी कायम व्हावी, एवढाच). अखेर हैदराबादेहून साहेब येतो म्हणाले. साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? सफेदी! चावडी झाली, शाळा झाली, आडाचा कठडा झाला, तरी चुना उरला. मग वजीर गवंडी हंडे घेऊन डोंगर चढला आणि दोन दिवस उन्हात राबून त्याने दरवाजा असा पांढरा केला की मुरुमच्या बाजारातून दिसावा. अक्षरे म्हणजे त्याला दगडाला पडलेल्या चिरा वाटल्या. त्या त्याने एकेक करून बुजवल्या. कामात त्याची कसूर नसते.

साहेब धापा टाकत वर आले. ठसा घ्यायला कागद आणि शाई काढली, भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ये किसने किया?" मी वजीरकडे बोट दाखवले. त्याने अदबीने सलाम केला, त्याला वाटले इनाम मिळणार. त्याला सरकारी कामाची कायमची बंदी झाली आणि मला कायमची नोकरी (शिलालेखाची कळकळ असलेला गावातला एकमेव माणूस म्हणून). घरात पेढे आहेत दाजी, पण मी अजून एकालाही वाटलेले नाहीत.

आपला आज्ञाधारक,
शांतलिंग

ता. क. काल वजीर आणि त्याची बायको शरिफाबी आले होते. बंदी उठवण्याचा अर्ज मीच लिहावा म्हणतात. "मास्तर, तुमच्याबिगर आमचं कोन हाय?" माझा हात चालत नाही. तुम्ही उमरग्यात बसून जगाचे अर्ज लिहिता, एवढा एक लिहून पाठवा.

आणखी एक ता. क. सफेदीचा हुकूम कुणाचा होता, हे अर्जात लिहावे लागेल. मी वजीरला विचारले. "याद न्हाय मास्तर," म्हणाला. त्याला चांगले आठवते, हुकूम मी शरिफाबीच्या देखत दिला होता. तर दाजी, अर्जात माझे नाव येणार नाही एवढे बघा.