मोठ्या कढईची परवानगी

मेडशी,
२४ मार्च, मंगळवार

तीर्थरूप मोठेबाबांस,

योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी एका हातानं पाय शिवते, हे तुम्हाला माहीत आहे. पत्रात आठही अंगं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिली.) इकडे सर्व ठीक. तुमचा डोळा कसा आहे ते कळवावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात. तुम्ही तीन वेळा घालता आणि चौथ्या वेळी झोपल्याचं सोंग घेता, असं राखीताईनं कळवलं आहे. हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवेल. तिनं कंसातला मजकूरही वाचावा. आठ दिवसांचं सांगून तुम्ही लेकीकडे अमरावतीला गेलात, त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले. ही तक्रार नाही. मोजलं म्हणून लिहिलं.

पत्राचं कारण, भांडी-मंडळाच्या कामात मधल्या काळात एक बिघाड झाला. तुम्ही चौतीस वर्षं मंडळाची भांडी सांभाळलीत आणि गावाच्या लग्नाकार्यांना दिलीत, तेव्हा तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. बिघाड दुरुस्त झालेला आहे. तरीही क्रमानं सांगते, कारण गावात तो तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितला जात आहे आणि त्यातल्या एका प्रकारात मी रडले असं आहे. मी रडले नाही.

मागच्या दिवाळीत मी तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या लॅपटॉपवर घेतल्या. गंज, कढया, पराती, बादल्या, ताटं मिळून सहाशे चौदा नग (एक झारा वादग्रस्त). तुमची अट एकच होती, की तुमच्या 'न्या' शिवाय गोदामातून चमचाही हलता कामा नये. म्हणून मी सगळे अधिकार तुमच्या नावावर ठेवले आणि मग तुम्हीच, तुमच्या बोटानं, हरीओमदादाला, सुकेशनीताईला आणि मंडळाच्या आणखी दोघांना त्यातले थोडे थोडे दिलेत. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं त्या चौघांना जे काही करता येत होतं, ते तुम्ही दिलं होतं म्हणून येत होतं. हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

आठ फेब्रुवारीच्या बैठकीत जे झालं ते मी पुन्हा सांगत नाही. फक्त तांत्रिक बाजू सांगते. तुम्ही पासवर्ड तीनदा टाकलात, तिन्ही वेळा चुकला आणि यंत्रानं तिन्ही वेळा 'आपण अधिकृत नाही' असं दाखवलं. ते हरीओमदादानं मोठ्यानं वाचायला नको होतं. 'चौतीस साल म्या भांडे देल्ले, आन् हे मले इचारते तू कोन,' असं तुम्ही म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला निघताना मला म्हणालात, 'काढून टाक माहं नाव.' (बैठकीत हसलं कोण, हे मला माहीत आहे. मी नव्हते.)

आता बिघाड. अकरा मार्चला सकाळी सुकेशनीताईचा फोन आला. 'योगिनी, हे मशीन मले वयखतच नाही वं.' महिला बचतगटाची अध्यक्ष असल्यामुळे गावात तिला न ओळखणारं काही असू शकतं, हे तिला सहन होत नाही. मी तिला समजावलं की ओळख पटणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं. घरी आलेल्या जावयाला सगळे ओळखतात, म्हणून काही त्याला धान्याच्या कोठीत कुणी हात घालू देत नाही. यंत्र ताईला बरोबर ओळखत होतं; फक्त भांडी देऊ देत नव्हतं. हे ऐकून ती जास्त चिडली. 'वयखते आन् देत नाही? मंग तं दुश्मनीच झाली!'

मी गोदामावर पोचेपर्यंत त्यांनी आपापल्या परीनं दुरुस्ती केली होती. ताईनं हरीओमदादाचा पासवर्ड वापरून पाहिला होता, दादानं ताईचा. (आपापले पासवर्ड कुणाला सांगायचे नाहीत, हे मी दिवाळीत चारदा सांगितलं होतं. दादाचं म्हणणं, 'आपल्या माणसाचं अडू नये.') दोघांनाही एकमेकांच्या नावांची इंग्रजी अक्षरं नीट येत नसल्यामुळे पाच-पाच वेळा चुकून दोन्ही खाती बंद पडली होती. म्हणजे सकाळी परवानगीचा एक बिघाड होता, तो दुपारपर्यंत ओळखीचाही झाला. आधी मी ओळखीचा काढला. त्याला चार मिनिटं लागली. मग परवानग्यांची यादी उघडली. ती रिकामी होती. चौघांचेही अधिकार गेलेले होते.

कारण असं, की आदल्या दिवशी, मार्चअखेरच्या तपासणीत, तुमचं खातं बंद करण्यात आलं होतं. जो माणूस सोडून जातो त्याचं खातं उघडं ठेवू नये, असा सर्वत्र नियम आहे आणि काढून टाकायला तुम्हीच सांगितलं होतं. खात्याबरोबर तुम्ही दिलेलं सगळंच परत घेतलं गेलं. यंत्राचं काही चुकलं नाही. (बंद खातं नियमाप्रमाणे तीस दिवस तसंच ठेवतात, पुसत नाहीत. तेही ठेवण्यात आलं.)

मुख्य चावी माझ्याकडे असल्यामुळे मी माझ्या नावानं चौघांनाही परत अधिकार दिले. एकूण सात मिनिटं. पत्र इथेच संपायला हवं होतं.

पण त्याच आठवड्यात तांड्यावरच्या सेवालालभाऊंच्या लेकीचं, देवलाचं लग्न होतं, रविवारी, बाराशे माणूस. शुक्रवारी बुंदी पाडायची म्हणून ते सकाळीच ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गोदामाच्या दारात उभे राहिले. सुकेशनीताईनं मोठी कढई, आठ गंज आणि बारा पराती अशी चिठ्ठी छापून दिली. हरीओमदादानं ती वाचली, उलटून पाहिली आणि गोदामाची किल्ली खिशात टाकली. चिठ्ठीच्या तळाशी 'परवानगी देणार' असं लिहून पुढे नाव येतं. तिथे आजवर 'रामकिसन' यायचं. आता 'योगिनी' आलं होतं.

'चिठ्ठी तुही हाय. बाबाची नाही,' दादा म्हणाला. मी त्याला सांगितलं की यंत्राच्या दृष्टीनं दोन्हींत काही फरक नाही. तो म्हणाला, 'मशीनच्या नजरेनं नसन.' मी त्याला नियम दाखवला. त्यानं मला किल्ली दाखवली. तेव्हा सेवालालभाऊ ट्रॉलीवरून खाली उतरले आणि अगदी शांतपणे मला म्हणाले, 'बाई, माही पोरगी परवा मांडवात उभी राहीन. म्या बुंदी कशात पाडू, तुह्या लॅपटॉपात?' वाशिमच्या सगळ्या मंडपवाल्यांची भांडी त्या मुहूर्ताला गेलेली होती. मी याला तांत्रिक अडचण म्हणू शकत नव्हते आणि दुसरी अडचण सोडवण्याचं माझं शिक्षण झालेलं नाही.

तुम्हाला फोन केला तो राखीताईनं घेतला. मागून तुमचा आवाज आला, 'मले काय इचारता? त्या मशीनले इचारा.' (ऑपरेशन डोळ्याचं झालं आहे, आवाजाचं नाही. इकडे ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं.)

मोठी आई घरून चहा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कपबशा खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, 'ते खोकं उघड. त्यायच्या नावानं.' मी तिला सांगितलं की दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. ती म्हणाली, 'दुसरे कोन? माहा नवरा हाय.' मी तुमचं बंद खातं पुन्हा चालू केलं.

पुढची अडचण अशी, की लॉगिनच्या पहिल्या रकान्यात तुमचं नाव टाकायचं असतं. मोठी आई तुमचं नाव घेत नाही, तसंच ते टाइपही करणार नाही, असं तिनं सांगितलं. म्हणून नाव मी टाकलं. दुसऱ्या रकान्यात पासवर्ड. तो मला माहीत नाही. मुख्य चावी असली तरी मला पासवर्डाचा फक्त भुगा दिसतो, त्यातून मूळ शब्द कधीच कळत नाही. तो तिनं टाकला, मला भिंतीकडे तोंड करायला लावून. तुमच्यासाठी अक्षरांवर मी मराठी चिकट्या लावल्या होत्या, त्या तिला कामी आल्या. अशा रीतीनं एका लॉगिनला दोन माणसं लागली. हे माझ्या माहितीत प्रथमच.

पहिल्यांदा चुकला. मी भिंतीकडेच पाहत होते. मागे मोठी आई बोटांवर काहीतरी मोजत होती. 'साल तं हेच हाय,' ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, 'थांब. त्यायचं चुकीचं साल टाकतो.' आणि खातं उघडलं.

मी पासवर्ड विचारला नाही. विचारणारही नाही.

नंतर तिनं तुमच्या जागेवर बसून एकेकाचं नाव मला वाचायला लावलं आणि अधिकार दिले. 'सुकेशनीले दे. त्या दोघायले दे. हरीओमले दे, पन झारा सोडून.' (झारा त्यानंच हरवला, असं तिचं ठाम मत आहे. यंत्रात आता तशी नोंद आहे.) नवी चिठ्ठी छापली, तिच्या तळाशी तुमचं नाव आलं. दादानं ते बोटानं चाचपलं आणि गोदाम उघडलं. कढई चौघांनी उचलून ट्रॉलीत ठेवली. सेवालालभाऊंनी चिठ्ठी घडी करून पागोट्यात खोचली. देवलाचं लग्न वेळेवर झालं, बुंदी पुरली.

आता माझी अडचण. यंत्राच्या नोंदीत असं लिहिलं गेलं आहे: '१३ मार्च, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, रामकिसन, मेडशी.' त्या वेळी तुम्ही अमरावतीला होतात. माझ्या हातून आजवर एकही खोटी नोंद झाली नव्हती. ही पुसता येत नाही. पुसता येऊ नये म्हणूनच ती तशी बांधलेली आहे. मोठी आई काम झाल्यावर उठून गेली, खात्यातून बाहेर पडायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. त्यामुळे नोंदीप्रमाणे तुम्ही तेरा तारखेपासून गोदामातच बसलेले आहात.

बाकी विशेष काही नाही. तुरी झाल्या. बाबा बरे आहेत, रोज संध्याकाळी तुमच्या खुर्चीकडे बघून 'आज गाडी आली काय' असं विचारतात आणि आपणच 'नसन आली' म्हणतात. राखीताईस आशीर्वाद मागितल्याचं सांगावं. थेंब चार वेळा.

आपली,
योगिनी

ता. क. १ : वर 'खातं बंद करण्यात आलं' असं लिहिलं आहे. ते मी केलं. यंत्रानं आधी विचारलं होतं, 'या नावावर इतरांचे अधिकार अवलंबून आहेत, तेही काढायचे का?' मला वाटलं, दोन-तीन असतील. मी 'हो' म्हटलं. आणि तीस दिवसांचा जो नियम लिहिला आहे, तसा नियम कुठेही नाही. तुमचं खातं मला पुसता आलं नाही, एवढंच. तसंच, तुमचा पासवर्ड चुकला तर आता 'आपण अधिकृत नाही' असं येणार नाही. 'मोठेबाबा, घाई नाही, पुन्हा टाका' असं येईल. ही सवलत बाकी कुणाला दिलेली नाही आणि ती चुकीची पद्धत आहे.

ता. क. २ : मोठ्या आईचा निरोप जसाच्या तसा: 'त्यायले म्हना, लगन एकोनऐंशीत झालं, ऐंशीत नाही. आतातरी ध्यानात ठेवा. पन मशीनमंधी बदलू नका, मंग मले नाही उघडता येनार.' (राखीताई, हे वाचताना हसू नये. अर्थ मला कळलेला नाही.)

ता. क. ३ : तुमच्या वह्यांत शेवटचा रकाना होता, 'काय घालून आलं'. भांडं कुणी रिकामं परत करत नाही, म्हणून. दिवाळीत तुम्ही विचारलंत, 'योगिनी, यात ते कुठी हाय?' आणि मी 'त्याचा काही उपयोग नाही' म्हणाले. तुम्ही वही मिटलीत. बैठकीच्या आधी तीन महिने तुम्ही रुसलेले होतात, हे मला आता वह्या पुन्हा वाचताना कळलं. सोळा तारखेला सेवालालभाऊंनी कढई परत आणली, तिच्यात बुंदीचे एकवीस लाडू होते, 'आमच्या रामकिसनभाऊसाठी' म्हणून. मी तो रकाना यंत्रात घातला आहे. त्यात लिहायची परवानगी फक्त तुमच्या नावाला आहे. हरीओमदादाला नाही, मलाही नाही. मोठी आई म्हणते, नोंद झाल्याशिवाय लाडू फुटायचे नाहीत. डबा तिच्या फळीवर आहे. दादानं दोनदा हात घातला, दोन्ही वेळा परवानगी नाकारली गेली. लाडू फार दिवस टिकत नाहीत. अकोल्याहून वाशिमला जाणारी दुपारची गाडी मेडशीला थांबते. मी फाट्यावर असेन, कामासाठी.

ता. क. ४ : तुमचं खातं अजून उघडंच आहे. मला इथून एका बोटानं ते बंद करता येतं. मी केलेलं नाही.